यंत्राचा डाग

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

बाही अर्धी रंगवून झाली होती. कोपरापर्यंत आत्याचा कोट गडद निळा, कोपराखाली अजून करडा. ब्रशचं टोक बारीक करायला गेलो आणि लॅपटॉपचा पडदा फाटला. खरंच फाटल्यासारखा दिसला. आधी आडव्या हिरव्या रेघा, मग आत्याच्या चेहऱ्यावर बारीक चौकटी, मग काळोख. आतला पंखा मात्र घोंघावतोय, बटणांखालचे दिवे चालू. झोपेत बडबडणाऱ्या माणसासारखं.

म्हणून पेन शोधलं. चालणारं एकच निघालं, बायकोच्या पर्समधलं, जांभळं. तू दिवसभर लोकांच्या कच्च्या छपाईवर लाल खुणा करतेस, तेव्हा हे खपवून घे.

दुसरा पडदा जोडून पाहिला. त्यावरही त्याच रेघा. म्हणजे पडद्याचा दोष नाही, चित्र तयार करणारी चिप गेली. ती बोर्डाला घट्ट बसवलेली असते, एकटी निघत नाही. म्हणजे अख्खा बोर्ड बदलायचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा बदलून झालाच आहे. घेताना दुकानदार म्हणाला होता, रंगाचं काम करणाऱ्याने डोळे मिटून घ्यावा. मी मिटले. तेवढ्यात बरी मोटार आली असती, असं बायको रोज एकदा म्हणते आणि मग चहा देते.

सोबत चार प्रिंट आहेत, तो बंद पडायच्या आधी काढलेले. बाबांना दाखव आणि रंग विचारून लिही. पडद्यावर दाखवून उपयोग नाही. काचेमागचा फोटो त्यांच्या लेखी फोटोच नाही. आणि फोनवर त्यांना फक्त 'हॅलो' ऐकू येतं, पुढचं सगळं ते स्वतःच बोलतात.

प्रकाशकाने पुस्तकाला वर्षअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. बाबांच्या फोटो स्टुडिओतल्या काचेच्या निगेटिव्ह, त्या वेळच्या खऱ्या रंगांत. खरे रंग एकाच माणसाच्या डोक्यात आहेत आणि तो माणूस ऐंशीच्या पुढे गेलाय. पुस्तक त्यांच्या हातात पडावं आणि त्यांनी ते पानापानाने बघावं. मला एवढंच हवंय. पुढे ते विकलं गेलं नाही तरी चालेल, पण हे प्रकाशकाला कळता कामा नये.

तुझा
ठेंग्या


२० फेब्रुवारी

प्रिय ठेंग्या,

पाकीट आलं तेव्हा बाबा दाढी करत होते. एका गालाला फेस तसाच ठेवून खिडकीशी जाऊन बसले. मी म्हटलं, गाल धुऊन घ्या. म्हणाले, "गाल कुठे जात नाही."

रंग असे. आत्याचा कोट निळा नाही. "निळा तिला कोणी घातला? निळा तिच्या नवऱ्याचा. हिचा बाटलीचा हिरवा, आणि कॉलरला घासून पिवळट झालेला." बेकरीवाल्याच्या बाह्या पांढऱ्या नाहीत, पिठाच्या. पिठाचा पांढरा वेगळा असतो म्हणे, त्यात थोडं ऊन असतं. काउंटरमागे आई उभी आहे त्यात तिचा झगा फिक्कट जर्दाळू. "आधी गडद होता. मी पाहिला तेव्हा गडदच होता," असं म्हणाले आणि बराच वेळ तो फोटो मांडीवर ठेवून बसले. गालावरचा फेस वाळून गेला.

चौथा, पोस्टमनचा, त्यांनी बाजूला ठेवला. "यात डाग आहे. बरोबर तोंडावर. त्याच्या यंत्राचा असणार."

मला डाग दिसला नाही. पण तुला घरचा कायदा माहीत आहे. लाल दिव्याखाली ओला प्रिंट चिमट्याने उचलायचा, बाबांनी नाक जवळ न्यायचं आणि म्हणायचं, "डाग." आपल्याला काही दिसायचं नाही. ते चार तुकडे करून टाकून द्यायचे. एकदा तू हट्टाने भिंग घेऊन ते तुकडे जुळवलेस आणि नवरीच्या कपाळावर केसाएवढा ठिपका निघाला. तेव्हापासून आई म्हणायची, यांना दिसला म्हणजे आहे, उगाच भिंगं शोधू नका.

खालच्या स्टुडिओत आता लाँड्री आहे हे तुला सांगितलंच. इस्त्रीची वाफ फरशीतून वर येते. सगळ्या घराला साबणाचा वास. फोटो धुण्याच्या हायपोचा आंबूस वास ज्या कपाटात अजून राहिलाय, ते मी मुद्दाम उघडत नाही. उडून जाईल.

बरी आहेस का म्हणून कधी विचारत नाहीस, तरी सांगते, बरी आहे.

ताई


११ मार्च

प्रिय ताई,

बरी आहेस का?

लॅपटॉप नवा बोर्ड घालून आला आणि सहाव्या दिवशी परत गेला. यावेळी रेघा गुलाबी. प्रगती आहे.

सर्व्हिस सेंटरला काउंटरवर एक बाई असतात. आता आमची ओळख झाली आहे. लांबूनच मला बघून खुर्ची सरळ करतात.

"काय होतंय?"

"रेघा येतात."

त्यांनी लावून पाहिला. "आत्ता तर येत नाहीत."

"तापल्यावर येतात."

"मग तापवू नका."

मी म्हटलं, बाई, तापवल्याशिवाय काम होत नाही. त्या म्हणाल्या, आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. त्यांना हसू आलं, मलाही. पण लॅपटॉप ठेवून घेतला, आणि मी तिथल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून बघत राहिलो. मागच्या काचेपलीकडे कोणीतरी त्याचं पोट उघडलं. आतला बोर्ड हिरवा आहे, ताई. आपल्या डार्करूमच्या दाराला जो हिरवा दिला होता, अगदी तोच. उरलेला रंग म्हणून बाबांनी तो खोक्यालाही फासला होता, ज्या खोक्यावर उभं राहिल्याशिवाय माझे हात ट्रेपर्यंत पोचायचे नाहीत. तू घड्याळ धरून आकडे म्हणायचीस आणि मी पाण्यातल्या कागदावर माणूस उगवताना बघायचो. आधी केस यायचे, मग भुवया. चेहरा सगळ्यात शेवटी यायचा. मला दर वेळी वाटायचं, या खेपेला चेहरा येणारच नाही.

पोस्टमनचा प्रिंट पुन्हा काढून पाठवतोय, आणि आणखी पाच. बोर्ड चांगला होता त्या दिवसांतले आहेत, म्हणजे डाग नसावा. जांभळं पेन आता माझंच झालंय.

ठेंग्या


२५ मार्च

प्रिय ठेंग्या,

बाबा म्हणतात, सहाही प्रिंटांवर डाग आहे. तोंडावरच. करडा, मधे घट्ट, कडेला विरळ. त्यांनी मला बोट ठेवून दाखवला. मी तिथे बघितलं आणि मला पोस्टमनचं नाक दिसलं.

दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं पोट भरण्याचं साधन आहे. उलटी पडलेली मात्रा मला दारातून दिसते. पण बाबा डाग म्हणाले की माझंच डोकं म्हणतं, चष्मा पुसून घे. मी पुसलासुद्धा.

फोटो बघायची त्यांची नवी तऱ्हा सांगायची राहिली. समोर धरत नाहीत. बाजूला धरतात आणि मान वाकडी करून तिरपं बघतात, कोंबडी दाण्याकडे बघते तसं. मी हसले तर म्हणाले, "तुमच्या यंत्राचे फोटो सरळ बघण्याच्या लायकीचे नसतात."

बेकरीवाल्याच्या बायकोच्या फोटोत शाल मरून रंगाची आहे म्हणाले. शाल? तिच्या अंगावर शालच नाही. तसं सांगितलं, तर म्हणाले, "यंत्राने खाल्ली." तुझा लॅपटॉप आता शालीही खायला लागला.

तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. हल्ली त्यांना माझ्या बातम्यांपेक्षा तुझ्या बोर्डात जास्त रस आहे. मला बजावून ठेवलंय की हे विचार: तो बिघाड मधूनच सुरू होतो का? विश्रांती दिली की आपोआप कमी होतो का? आणि एक गेला म्हणजे दुसराही जातोच, का दुसरा वाचतो?

मी म्हटलं, तुम्हाला कशाला या चौकशा? म्हणाले, "माणसाला माहिती असावी." दम लागला की ज्या माणसाने 'जिना उंच झाला' म्हणायचं आणि गुडघा दुखला की 'स्टूल डुगडुगतं' म्हणायचं, त्याला आता यंत्रांची माहिती हवी. आई असती तर म्हणाली असती, बरं झालं, कशात तरी जीव रमला.

ताई


४ एप्रिल

प्रिय ताई,

बाबांनी प्रश्न विचारले हे वाचून फार बरं वाटलं. मी हे काम कॉम्प्युटरवर करायला लागलो तेव्हापासून त्यांनी यंत्राला नाव ठेवण्यापलीकडे त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांना नीट वाचून दाखव.

बिघाड कुठूनही सुरू होतो, पण मधे सुरू झालेला लवकर लक्षात येतो, कारण माणूस मधेच बघत असतो.

विश्रांतीने काही होत नाही. थंड झाला की थोडा वेळ चांगला चालतो आणि आपल्याला वाटतं सुधारला. ती फसवणूक असते. गल्लीतला एक दुरुस्तीवाला बोर्ड चक्क भट्टीत भाजतो. म्हणतो, चार दिवस चालतो. पाचव्या दिवसाबद्दल तो बोलत नाही.

आणि एक गेला की दुसरा जाणारच. दोन्ही एकाच घाण्यातले. एकात खोट निघाली की समजायचं दुसऱ्यातही आहे, फक्त उशिरा दिसेल. याला दुरुस्ती नसते, बदलायचा. तेवढा एकच उपाय.

सहाही प्रिंटांवर डाग, म्हणजे प्रकरण मला वाटलं त्याहून खोल आहे. जे माझ्या डोळ्यांना दिसत नाही ते त्यांना दिसतंय. बोर्ड चांगला वाटत होता तेव्हाही तो आतून चित्र बिघडवत असणार. परत जातो काउंटरवर. यावेळी भांडणार आहे.

शाल मीही शोधली. नाहीच. मूळ काचेच्या निगेटिव्हमध्येही नाही. बाबा दुसऱ्या कुठल्या फोटोबद्दल बोलत असतील. किंवा प्रिंट एवढा काळवंडला असेल की तिच्या केसांची शाल झाली. दोष माझ्याकडचाच.

ठेंग्या


१६ एप्रिल

प्रिय ठेंग्या,

तुझं पत्र जेवताना वाचलं. 'एक गेला की दुसरा जाणारच' हा परिच्छेद बाबांनी दोनदा वाचायला लावला. मग चमचा खाली ठेवला.

"बदलायचा, नाहीतर नाही," म्हणाले.

मी म्हटलं, "कंपनी देईल की बदलून."

"सगळ्या गोष्टी कंपनी देत नसते," म्हणाले आणि आत जाऊन पडले. ताट तसंच राहिलं. हवा बदलते आहे, त्याने असेल.

जिन्यातले दिवे मंद झालेत म्हणून कुरकुरत होते. दोन्ही बदलून घेतले. तरी मंदच वाटतात म्हणाले. लाँड्रीवाला सांगतो, इथला वीजदाबच कमी. आता बाबा खाली फारसे उतरत नाहीत. खिडकीशी बसतात. परवा चहाचा कप बशीच्या शेजारी ठेवला आणि चहा टेबलभर. मी पुसत होते तर म्हणाले, "हे टेबल आखूड आहे." त्या टेबलावर त्यांनी आयुष्यभर निगेटिव्हवरच्या सुरकुत्या पेन्सिलीने पुसल्या. पेन्सिलीचं टोक सुईसारखं करायचे, आठवतं? आपण श्वास रोखून उभे राहायचो, कारण आपल्या श्वासानेही रेघ हलते अशी त्यांची समजूत होती. बायका फोटो न्यायला यायच्या आणि म्हणायच्या, मी इतकी तरुण कशी दिसते? बाबा म्हणायचे, उजेड चांगला होता.

नवे प्रिंट पाठव. पाकीट यायचं असलं की ते सकाळी लवकर उठतात. पोस्टमनचं पाऊल जिन्यावर वाजलं की माझ्या आधी त्यांना कळतं.

ताई


२ जून

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लॅपटॉप चालतोय. तो चालू असला की मला पत्र सुचत नाही असं दिसतं. नुसती प्रिंटची पाकिटं पाठवत राहिलो आणि तुझ्या चिठ्ठ्या येत राहिल्या: 'डाग', 'डाग', 'याही वेळी डाग'.

तिसऱ्यांदा बोर्ड बदलल्यापासून एकही रेघ आलेली नाही. तापला तरी नाही. मला सगळं स्वच्छ दिसतं. बायकोला दिसतं. प्रकाशकाच्या चित्रकाराला दिसतं. तरी मी सगळे प्रिंट घेऊन काउंटरवर गेलो आणि ओळीने मांडले.

बाईंनी पाहिले. आतून त्यांचे इंजिनियर आले, त्यांनी पाहिले.

"आम्हाला तर काही दिसत नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला दिसणार नाही. मलाही दिसत नाही. माझ्या वडिलांना दिसतो."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंनी विचारलं, "वडील काय करतात?"

"आयुष्यभर फोटोंवरचे डाग काढले."

इंजिनियर म्हणाले, यंत्र तपासणीत पास होतंय. मी म्हटलं, तुमची तपासणी नापास आहे. लोक मागे वळून बघायला लागले. मी हलायला तयार नव्हतो. शेवटी वरच्या कोणाला तरी फोन झाला आणि ठरलं, इतक्या वेळा बिघडलेलं यंत्र, वाद नको, अख्खं नवं द्यायचं. बाई म्हणाल्या, "जिंकलात." मी प्रिंट गोळा करत होतो. मला घरी जाऊन बाबांना सांगावंसं वाटलं, लहानपणी बक्षीस मिळालं की जिना चढत ओरडायचो तसं. मी तुमच्या डोळ्यांची बाजू घेतली आणि जिंकलो.

नवं यंत्र आलं आहे. त्यावरचे पहिले प्रिंट सोबत. आता डाग निघाला तर मी हा धंदा सोडून लाँड्री काढतो.

ठेंग्या


१३ जून

प्रिय ठेंग्या,

हे पत्र मी बाबांना वाचून दाखवणार नाही. छापखान्यातून लिहिते आहे.

तुझं पाकीट आलं त्या दिवशी मी ट्रंकेतून एक जुना फोटो काढून टेबलावर ठेवला होता. तू खोक्यावर उभा आहेस आणि तुझे हात ट्रेमध्ये आहेत तो. पुस्तकाच्या शेवटच्या पानासाठी तुला पाठवावा असं मनात होतं. बाबा आले आणि खिडकीशी बसून गठ्ठा बघायला लागले. तो फोटो त्या गठ्ठ्यात गेला हे माझ्या लक्षात आलं नाही.

एकेक बाजूला ठेवत होते. डाग, डाग. मग तुझा फोटो हातात घेतला. मान वाकडी केली.

"यातही आहे. बरोबर पोराच्या तोंडावर. नवं यंत्र आणलं म्हणे. यंत्र नवं असो नाहीतर जुनं, डाग तोच."

ठेंग्या, हा फोटो कुठल्याच लॅपटॉपातून आलेला नाही. तो बाबांनी काढलाय, बाबांनीच धुतलाय. मागे स्टुडिओचा शिक्का आहे. त्यात डाग असता तर त्याचे तेव्हाच चार तुकडे झाले असते.

मी शेजारी बसले आणि विचारलं, डाग नक्की कुठे? म्हणाले, तोंडावर. मी म्हटलं, बरं, आता त्याच्या हातांकडे बघा. बघितलं. "आता हातांवर आहे." खोक्याकडे बघा म्हटलं. त्यांनी तिकडे मान वळवली. मग फोटो उलटा ठेवून उठले.

मी म्हटलं, "बाबा, डोळे दाखवून येऊ."

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? त्याचा बोर्ड खराब आहे."

तेव्हापासून हेच चाललंय. मी डॉक्टर म्हणते, ते बोर्ड म्हणतात. काल जरा आवाज चढवला तर म्हणाले, "कशाला जायचं? त्यानेच लिहिलंय. याला दुरुस्ती नसते. एक गेला की दुसरा जातो."

मला त्या तीन प्रश्नांचा अर्थ तेव्हा कळला. मी त्यांना परिच्छेद दोनदा वाचून दाखवला होता. दुसऱ्यांदा जरा मोठ्याने.

आता तूच काहीतरी कर. माझं ते ऐकत नाहीत.

ताई


१८ जून

तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

परवा ताईला फोन केला तेव्हा ती नुसती 'हो', 'नाही' करत होती, म्हणजे तुम्ही शेजारीच होता. ताई, हे पत्र सगळं मोठ्याने वाच, काही गाळू नकोस.

बाबा, तुम्ही मला तीन गोष्टी विचारल्या होत्या आणि मी उत्तरं दिली. ती उत्तरं लॅपटॉपची होती. तुम्ही लॅपटॉपबद्दल विचारत नव्हता, हे मला कळलं नाही. मला वाटलं, बाबांना माझ्या कामाची गोडी लागली. त्या आनंदात मी जरा जास्तच ठासून लिहिलं.

एक गेला की दुसरा जाणारच, हे मी एका कंपनीच्या बोर्डाबद्दल लिहिलं. दुरुस्ती नसते, हेही त्याबद्दलच. डोळ्यांचं मला काहीही माहीत नाही. ते ज्याला माहीत आहे त्याला विचारायला हवं, माझ्यासारख्याला नाही. ठोंब्या ग्राहकाला तुम्ही म्हणायचा तसं, चुकीच्या दुकानात आलात.

डाग यंत्रात नाही. मी सगळे प्रिंट भिंगाखाली पाहिले आहेत. तरी तुम्ही म्हणालात म्हणून मी लोकांशी भांडलो आणि चांगलं चाललेलं यंत्र बदलून घेतलं. आपल्या घरात दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्यात तीन महिने गेले. आता आणखी एक दिवसही जायला नको.

तुम्हाला जायचं नसेल तर मी येतो आणि आत्याला नेलं होतं तसं खुर्चीसकट उचलून नेतो. मी ठेंगणा असलो तरी लाँड्रीवाला मदत करेल.

आपला
ठेंग्या


२३ जून, संध्याकाळ

प्रिय ठेंग्या,

पत्र वाचलं. बाबा ऐकत होते. 'चुकीच्या दुकानात आलात' यावर त्यांच्या नाकातून आवाज आला, तो हसण्याचा होता. मग म्हणाले, "खुर्चीसकट नको. चांगली खुर्ची आहे."

आज जाऊन आलो. नेत्रतज्ज्ञ बाई आहेत, वयाने तुझ्याएवढ्या. त्यांनी एक आखलेला कागद समोर धरला, आपल्या गणिताच्या वहीसारखा. बाबा म्हणाले, "छपाई वाईट आहे. मधल्या रेघा वाकल्यात." बाई म्हणाल्या, "छपाई ठीक आहे, आजोबा." बाबांनी माझ्याकडे मान वळवली. छपाई हा माझा विषय. मी म्हटलं, "सरळ आहेत, बाबा." त्यांनी कागद परत दिला.

डाव्या डोळ्याच्या मधलं गेलं आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, मध्यभागी रक्त झिरपून वण झालाय, तो भाग परत येणार नाही. हिवाळ्यात आला असता तर, असं काहीतरी बाई म्हणायला लागल्या आणि थांबल्या. उजव्यात आत्ता सुरुवात आहे. त्यावर इंजेक्शन असतं, डोळ्यातच देतात, महिन्या-महिन्याने. थोपवता येईल असं त्यांना वाटतं. लगेच दिलं तर. उद्या सकाळी बोलावलंय.

"म्हणजे दुसरा वाचतो," बाबा म्हणाले.

"वाचवायचा प्रयत्न करायचा," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत?

"आधी मलाही वाटलं, त्याच्या यंत्राचाच आहे. खरंच वाटलं. मग एक दिवस भिंतीवर डाग दिसला. भिंत काही त्याने छापलेली नाही."

"तेव्हा तरी सांगायचं."

"सांगून? तू त्याला कळवलं असतंस. त्याने फोटो पाठवणं बंद केलं असतं. आंधळ्याला कोण रंग विचारतं?" मग म्हणाले, "पाकीट येतं तोवर माझं दुकान चालू आहे."

त्यांनीच पुढे सांगितलं. तो मला नुसता फोटो पाठवतो, आणि मी अंदाजाने धरतो की अमका असेल. तिथे चूक होते. शाल बेकरीवालीच्या आईच्या अंगावर होती, तो फोटो वेगळा, त्याची काच फुटली. त्याला लिही, कोणाचा फोटो आणि कोण कुठे उभं आहे ते आधी सांग, रंग मला पाठ आहेत. रंग काय डोळ्यात असतात?

त्यामुळे आता तू प्रिंटच्या मागे नावं लिहून पाठव, मी वाचेन, ते सांगतील. मार्चनंतरचे सगळे रंग पुन्हा विचारून घ्यावे लागतील. मुदत वाढवून माग.

उद्या येतील की नाही सांगता येत नाही. मगाशी 'डोळ्यात? सुई?' असं विचारलं आणि मी हो म्हटल्यावर म्हणाले, "उद्याचं उद्या बघू." आत्ता अंधारात खिडकीशी बसलेत. दिवा लावू का विचारलं तर नको म्हणाले. हे पत्र उद्या पुरं करते.

२४ जून

सकाळी मी उठले तेव्हा ते बूट घालून बसले होते. चालतच गेलो. दवाखान्यात बाकावर आधीच एक गृहस्थ होते, डोळ्याला पट्टी. बाबांनी त्यांना विचारलं, "दुखतं का?" ते म्हणाले, "दुखत नाही. भीती वाटते, तेवढ्यात होऊन जातं." बाबा म्हणाले, "मला वाटते आहे." त्या गृहस्थांनी त्यांना शेजारी जागा करून दिली. पाऊण तासाने आत बोलावलं. इंजेक्शन झालं. पुढचं महिन्याने. घरी आल्यावर चहा घेतला आणि झोपले. आज मी रजा टाकली आहे.

ताई